त्यांच्या गोळ्या मोजण्याचे काम तुमचे नाही

दापोली तालुक्यातील एका पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या अविवाहित भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळून त्याचा गोषवारा देते. त्यांचे वडील हर्णै बंदरात एका मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते आणि फार पीत असत. आई गप्प राहणारी, त्यामुळे वडिलांना गुत्त्यावरून घरी आणण्याचे काम थोरली मुलगी म्हणून ह्यांच्याकडेच आले. पहिले प्रेम जमले ते रत्नागिरीतील एका हुशार, पण दारूच्या आहारी गेलेल्या तरुणाशी. त्याची देणी फेडण्यासाठी ह्यांनी स्वतःच्या बांगड्या गहाण ठेवल्या. पुढे गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्याशी ओळख वाढली. त्यांना बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार होता. त्यांनी औषधे सोडली, घरच्यांनी त्यांना भगताकडे नेले आणि शेवटी सारा दोष ह्यांच्या पदरात पडला. आता गुहागरकडचे एक गृहस्थ भेटले आहेत. त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आणि थोडी सुपारीची बाग आहे. दुसऱ्याच भेटीत त्यांनी आपणहून सांगितले की त्यांनाही हाच आजार आहे, सहा वर्षे लिथियम हे औषध सुरू आहे आणि रत्नागिरीला नियमित तपासणी होते. धाकटी बहीण विचारते, "ताई, पुन्हा तेच?" आईने चिपळूणच्या एका शिक्षकांचे स्थळ आणले आहे, पण त्यांच्याशी बोलताना कंटाळा येतो. "मला अशीच माणसे का आवडतात, माझ्यातच काही खोट आहे का, आणि ह्यांना मी नकार द्यावा का," असे ह्या भगिनीचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र प्रामाणिक आहे आणि फार नेटकेही आहे. त्यात गुहागरच्या गृहस्थांच्या गोळीची मात्रा आहे, ती दिवसातून किती वेळा घ्यायची ते आहे, आणि मागच्या भेटीत त्यांच्या खिशातल्या पाकिटात किती गोळ्या शिल्लक दिसल्या हेही आहे. मात्र ते कशावर बोलतात, कशाने हसतात, त्यांच्या सोबतीत तुम्हाला कसे वाटते, ह्याविषयी आठ पानांत एकही ओळ नाही. आणखी एक गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिली आहे: त्यांनी आपला आजार तुम्हाला सांगितला, परंतु तुमचे वडील पीत असत आणि अजूनही पितात, हे तुम्ही त्यांना सांगितलेले नाही. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन नोंदींमध्ये बरेचसे आलेले आहे. तिथपर्यंत पोहोचण्याआधी खोटीच्या प्रश्नाचा निकाल लावू, कारण तो मनात राहिला तर पुढचे काही नीट वाचून होणार नाही.

खोट नाही. किंबहुना, ज्याला तुम्ही "माझी सवय" म्हणता त्यात योगायोगाचा वाटाही दिसतो तेवढा लहान नसावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के मद्यपान करतात. अर्थात पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. पण आपल्या भागात, विशेषतः बंदरांवर आणि गोव्याच्या सीमेकडे, स्वस्त दारू किती सहज हाती येते हे मी सांगायला नको. अशा ठिकाणी एखाद्या स्त्रीच्या वाट्याला पिणारा माणूस आला, तर त्याचे कारण नेहमी तिच्याच मनात शोधण्याची गरज नाही. दुसरे असे की आजार हा सुरुवातीला आजारासारखा दिसत नाही. बायपोलर विकारात मन चढणीला लागलेले असते त्या दिवसांत माणूस भरभरून बोलतो, रात्र रात्र जागतो, मोठे बेत आखतो, खर्चाला मागेपुढे पाहत नाही आणि समोरच्या माणसाला आपण जगातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहोत असे वाटायला लावतो. गणपतीच्या दहा दिवसांत तुम्हाला भेटलेला तो चाकरमानी असाच होता, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. तुम्ही उत्साह पाहिला आणि उत्साहावर भाळलात. आजार त्याच्या मागून आला. रत्नागिरीच्या त्या तरुणाने पहिल्याच आठवड्यात आपली सगळी दुःखे तुमच्यापुढे मांडली, त्याला तुम्ही मोकळेपणा समजलात. कोणीही समजले असते.

तरीही तीन माणसे, त्यांपैकी दोन एकाच आजाराची, आणि मधल्या काळात आलेली सगळी सरळ स्थळे "कंटाळवाणी" ठरलेली, हे सारे केवळ योगायोगावर सोडून देता येणार नाही, आणि तसे सोडून दिले तर तुमचेही समाधान होणार नाही.

तुमच्या बालपणाविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याकडे वळते. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, वडील पूर्ण दिवस घरात, आणि संध्याकाळी ते कोणत्या अवस्थेत परततील ह्याची सगळ्यांना धास्ती. तांडेलाला ढगांच्या रंगावरून वाऱ्याचा अंदाज यावा तसा तुम्हाला अंगणातील पावलांच्या आवाजावरून पुढच्या रात्रीचा अंदाज येत असे, आणि त्यानुसार धाकट्या बहिणीला शेजारी पाठवायचे की नाही हे तुम्ही ठरवत होता. तेव्हा तुम्ही दहा-अकरा वर्षांच्या होता. ज्या वयात मुलाची विचारपूस आईवडिलांनी करायची, त्या वयात ते मूल आईवडिलांची विचारपूस करू लागले, तर त्याला दोन गोष्टी एकाच वेळी शिकायला मिळतात. एक म्हणजे दुसऱ्याच्या मनाची अवस्था त्याच्या आधी ओळखण्याचे असाधारण कौशल्य. दुसरी गोष्ट अशी की आपले घरातील स्थान आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो म्हणून आहे, ही समजूत, जी पुढे कधी तपासून पाहिली जात नाही.

मोठेपणी ह्या कौशल्याला काम लागते. चिपळूणच्या शिक्षकांसमोर तुम्ही बसता तेव्हा तुमचे सगळे लक्ष सवयीने त्यांच्या चेहऱ्यावरील बदल शोधू लागते. तिथे बदल नसतो, सावरायचे काही नसते, आणि मग तुम्हाला आपण तिथे अनावश्यक असल्यासारखे वाटते. त्या वाटण्याला तुम्ही कंटाळा म्हणता. उलट, अस्वस्थ माणसापुढे तुमच्यातील तीच जुनी, तरबेज मुलगी जागी होते, छाती धडधडते, काय बोलायचे ते आपोआप सुचते, आणि ही जी जाग येते तीच आकर्षण म्हणून ओळखली जाते. भीतीची धडधड आणि ओढीची धडधड शरीराला नेहमी वेगळी करता येत नाही. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन ह्या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातील एका उंच झुलत्या पुलावर केलेला प्रयोग ह्यासाठी प्रसिद्ध आहे: भक्कम पुलावरून गेलेल्या पुरुषांच्या तुलनेत झुलत्या पुलावर भेटलेल्या पुरुषांपैकी अधिक जणांनी तिथे प्रश्न विचारायला उभ्या असलेल्या तरुणीला नंतर फोन केला.

मग एकदा नाते जुळल्यावर ते सुटत का नाही, ह्याचे कारण थोडे वेगळे आहे. बी. एफ. स्किनर ह्यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला, तर पक्षी लवकरच चोच मारणे सोडतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, आणि केव्हा मिळेल ह्याचा काही नियम नसतो, तेव्हा दाणा पूर्ण बंद झाल्यावरही पक्षी कितीतरी वेळ चोच मारत राहतो. रत्नागिरीच्या तरुणाने तीन आठवडे दारूला हात लावला नाही आणि तुमच्या वाढदिवसाला तो गणपतीपुळ्याला घेऊन गेला, तो दिवस तुम्ही पत्रात जवळजवळ एक पान लिहिला आहे. त्या एका दिवसाच्या आधाराने तुम्ही पुढची दोन वर्षे काढलीत आणि बांगड्याही त्याच काळात गेल्या. तो चांगला दिवस खोटा नव्हता. फक्त पुढचा चांगला दिवस केव्हा येईल हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि नेमकी तीच अनिश्चितता तुम्हाला बांधून ठेवत होती.

ह्यात आपल्या समाजाने घातलेली भर मला जरा रागाने नमूद करावीशी वाटते. मुलगा पितो, लग्न लावून द्या, सुधारेल. मुलाच्या डोक्याचे थोडे बिघडले आहे, लग्न लावून द्या, जागेवर येईल. हे वाक्य आपल्याकडे किती घरांत उच्चारले गेले आहे आणि किती मुली औषधाच्या बाटलीसारख्या त्या घरांत पाठवल्या गेल्या आहेत! दरवर्षी वटपौर्णिमेला आपण सावित्रीची कथा सांगतो. ती बुद्धिमान आहे, यमाला शब्दांत पकडते, ह्यात शंका नाही. पण सत्यवानाने स्वतःच्या जगण्यासाठी नेमके काय केले, हा प्रश्न त्या वडाखाली कोणी विचारत नाही. तुम्ही तर कोणी न सांगता, लग्नाआधीच, ते व्रत घेतलेत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मला असे वाटते की तुम्हाला आजारी माणसाचे आकर्षण नाही. तुम्हाला अशा जागेचे आकर्षण आहे जिथे तुमच्याविषयी कोणी काही विचारणार नाही. ज्याचे स्वतःचे संकट एवढे मोठे आहे, त्याला तुमच्या मनात काय चालले आहे हे पाहायला वेळ नसतो, आणि तुम्ही त्या सावलीत सुरक्षित राहता. त्याची देणी, त्याची झोप, त्याच्या गोळ्या ह्यांची चर्चा चालू असते तोवर तुमचे वडील, तुमचे भय, तुम्हाला काय हवे आहे, हे विषय निघतच नाहीत. काळजी घेणारा माणूस सर्वांसमोर असतो आणि तरीही तो कोणाला दिसत नाही. गुहागरच्या गृहस्थांनी दुसऱ्या भेटीत आपले सर्वांत अवघड सत्य सांगितले, त्यावर तुम्ही त्यांना जेवणाच्या वेळा आणि रक्ततपासणीच्या तारखा विचारल्या. तुमचे स्वतःचे काहीही त्या टेबलावर आले नाही.

ह्या स्वभावाला "सहव्यसन" किंवा तत्सम नाव देऊन त्याचा आजार बनवण्याची सध्या पद्धत आहे. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या अधिकृत वर्गीकरणांत असे कोणतेही निदान नाही, तेव्हा ते लेबल स्वतःला लावून घेऊ नका. मात्र स्वतःची तपासणी जरूर करून घ्या, आणि हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. तैवान, डेन्मार्क आणि स्वीडन येथील सुमारे दीड कोटी लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ मानसिक विकारांबाबत असे आढळले की जोडप्यातील एकाला विकार असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. ह्याची कारणे अनेक असू शकतात आणि तुम्हाला काही आहेच असा ह्याचा अर्थ नाही. परंतु पहाटे तीनला जाग येणे, छातीवर ओझे वाटणे, सुट्टीच्या दिवशी हात रिकामे असले की घाबरल्यासारखे होणे, हे जे तुम्ही "माझे काही विशेष नाही" म्हणून एका ओळीत उरकले आहे, ते चिंताविकाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. तालुक्याच्या गावात ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर टेलिमानस ह्या शासकीय सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

चाकरमान्याच्या प्रकरणातील एक वाक्य तुम्ही अर्धवट सोडले आहे: "एकदा त्याने हात पिरगळला, पण तेव्हा तो बरा नव्हता." मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत, हे खरे आहे. त्याचबरोबर, आजारामुळे झालेली इजाही इजाच असते, आणि ती सोसणे हा काळजीचा भाग नाही. पुढे कधीही, कोणाकडूनही असे घडले तर तिथून आधी बाहेर पडायचे आणि कारणमीमांसा नंतर करायची. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या.

गुहागरच्या गृहस्थांना नकार द्यावा का, ह्या प्रश्नाबाबत माझे मत तुमच्या बहिणीपेक्षा वेगळे आहे. तिची काळजी खरी आहे, पण तिने निदानाचे नाव ऐकले आणि माणूस तोच ठरवला. चाकरमान्याने आजार लपवला, गोळ्या सोडल्या आणि त्याची जबाबदारी घरच्यांवर, भगतावर आणि तुमच्यावर गेली. ह्या गृहस्थांनी, तुम्ही लिहिता त्यानुसार, आजार सांगितला, तोही पत्रिका जुळण्याच्या आधी, जेव्हा न सांगणे सहज शक्य होते. आपल्याकडे "डोक्याच्या गोळ्या" लग्नाच्या बैठकीत लपवल्या जातात आणि मग प्रकरणे न्यायालयात जातात, हे आपण पाहतो. हिंदू विवाह कायद्यानुसार केवळ निदान असणे हा लग्नाला अडथळा नाही; विकार अशा स्वरूपाचा वा इतका तीव्र असावा लागतो की ती व्यक्ती विवाहास अयोग्य ठरते. म्हणजे कायदाही नावाकडे न पाहता प्रत्यक्ष स्थितीकडे पाहतो. बहिणीने आनुवंशिकतेचाही मुद्दा काढला आहे. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर विकार असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास सांगितली जाते. सर्वसाधारण लोकसंख्येत ती एक-दोन टक्के असते. जोखीम वाढते, ती नाकारू नये. पण दारूच्या व्यसनातही आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो, आणि तांडेलाच्या दोन्ही मुलींनी हे लक्षात ठेवून मग दुसऱ्याच्या घराण्याचा हिशेब करावा.

तेव्हा पाहायचे ते हे, की आजाराची सूत्रे त्यांच्या स्वतःच्या हातात आहेत का. लिथियम हे जुने आणि परिणामकारक औषध आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड ह्यांनी त्याचा उन्मादावरील, म्हणजे मन चढणीला लागलेल्या अवस्थेवरील, उपयोग दाखवून दिला आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबतही त्याचा लौकिक चांगला आहे. मात्र त्याची उपयुक्त आणि घातक पातळी ह्यांत अंतर कमी असते. म्हणून रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड ह्यांची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. शरीरातील पाणी कमी झाले की पातळी वाढते, आणि आयबुप्रोफेनसारख्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही ती वाढू शकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात बागेत राबणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवे, आणि तुम्ही आठवण न करता ठाऊक असायला हवे. झोपेचेही तसेच. झोपमोड हे उन्मादाचा झटका येण्याचे ओळखीचे निमित्त आहे. कोकणात वर्षातून दोनदा सगळे गाव जागते. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, गणपतीत जाखडी आणि भजने पहाटेपर्यंत चालतात. त्या रात्री ते काय करतात, हे विचारा. "मी आरती झाली की घरी जातो, पोरे चिडवतात, पण मला झोपायलाच हवे," असे उत्तर आले तर मला ते त्यांच्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे वाटेल. "बघू, तू असशीलच ना आठवण करायला," असे आले तर थांबा आणि विचार करा.

आणखी विचारा की मन चढू लागल्याची पहिली खूण त्यांना कोणती जाणवते, ती कोणाला सांगतात, आणि मागच्या वेळी गोळ्या चुकल्या तेव्हा त्यांनी काय केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीला आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत ह्याचे आगाऊ लेखी निर्देश देण्याचा आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार दिला आहे. त्यांनी तसे काही केले नसले तरी बिघडत नाही, पण ह्या विषयावर त्यांना बोलता येते का हे पाहण्यासारखे आहे. भाऊ, मित्र, डॉक्टर, अशी दोन-तीन माणसे त्यांच्यापाशी आधीपासून असतील, तर तुम्ही त्यांची पत्नी होऊ शकाल. कोणीच नसेल तर तुम्ही पुन्हा कामावर रुजू व्हाल. आणि ह्या सगळ्या चौकशीत तुम्ही त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहायचे नाही. हे तुम्हाला बाकी सगळ्यापेक्षा कठीण जाईल. एखादा आठवडा झोप लागणार नाही, हात शिवशिवतील. त्यांची काळजी म्हणून नव्हे, स्वतःची सवय म्हणून त्याकडे पाहा.

दुसरे काम ह्याहून मोठे आहे. पुढच्या भेटीत वडिलांचे सगळे सांगा. गुत्ता, बंदीचे दिवस, बहिणीला शेजारी पाठवणे, गहाण पडलेल्या बांगड्या, सारे. सल्ला मागू नका, शेवट गोड करू नका. मग ते काय करतात ते पाहा. ते ऐकतात का, मधेच स्वतःच्या आजाराकडे वळतात का, पुढच्या भेटीत आपणहून त्याची विचारपूस करतात का. त्यानंतर त्यांच्याकडे एखादी मदत मागा, अगदी साधी: आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिपळूणला न्यायचे आहे, सोबत याल का. तुम्ही कोणाकडे काही मागितल्याचा एकही प्रसंग पत्रात नाही, त्यामुळे ह्यातून त्यांच्याइतकीच तुमचीही परीक्षा होईल. त्यांनी मदत केल्यावर तुम्हाला ऋण फेडण्याची घाई झाली तर ती ओळखा आणि दोन दिवस काही फेडू नका.

चिपळूणच्या शिक्षकांविषयी फार लिहीत नाही. उपचार म्हणून कोणाशी लग्न करू नये, मग तो उपचार तुमच्यावर होणार असला तरी. ते शांत आहेत म्हणून योग्य आहेत असेही नाही. पण एक भेट आणखी घ्यावी आणि तीत त्यांना वडिलांबद्दल सांगावे, असे मला वाटते. कंटाळा त्यांच्यामुळे येतो की तिथे तुम्हाला लपायला जागा नाही म्हणून येतो, हे त्यावरून कळेल. निर्णय दोघांपैकी एकाच्या बाजूने व्हायलाच हवा असेही काही नाही.

वडिलांविषयी मात्र लिहायलाच हवे, कारण तुम्ही आजही त्यांची बाटली लपवता. ते रोज पीत असतील तर असे एकाएकी तोडणे धोक्याचे आहे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्थाही होऊ शकते. दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते उपचारांना तयार नाहीत असे तुम्ही लिहिता. अशा वेळी घरच्यांनाच प्रशिक्षण देण्याची एक पद्धत अमेरिकेत रॉबर्ट मायर्स ह्यांनी विकसित केली. माणूस शुद्धीत असताना त्याच्या सोबतीला बसायचे, प्यालेला असताना शांतपणे बाजूला व्हायचे, त्याच्या पिण्याचे परिणाम झाकायचे नाहीत आणि उपचारांचा विषय योग्य क्षणी काढायचा, असा तिचा गाभा आहे. तिच्या चाचण्यांत आधी नकार देणाऱ्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश जण उपचारांपर्यंत आले. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे आणि तिथे कुटुंबीयांचाही विचार होतो. व्यसनी व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अनॉन ह्या गटांच्या सभा आपल्याकडेही होतात. हे व्यसन तुमच्यामुळे लागले नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि ते बरे करणे तुमच्या हातात नाही, हे तिथे पुन्हा पुन्हा सांगितले जाते. बहिणीलाही सोबत न्या. शेजारच्या घरात बसून तिनेही काही ऐकलेच असेल.

आईला गुहागरच्या गृहस्थांचा आजार केव्हा सांगावा, असे तुम्ही ताजा कलमात विचारले आहे. तो त्यांचा आजार आहे, तेव्हा सांगण्याचा अधिकारही त्यांचा. बोलणी पुढे जाणार असे तुम्हा दोघांना वाटू लागले की बैठकीच्या आधी त्यांनी स्वतः आईला भेटून सांगावे. आईने काय प्रश्न विचारले आणि त्यांनी काय उत्तरे दिली, हे तुम्ही मधे न बोलता ऐका. बहिणीला तुम्ही आधीच सांगून बसला आहात. तसे केले हे त्यांना ह्याच आठवड्यात कळवा.